पित्ताशयाच्या सुजेसाठी हे हॉस्पिटल: निदान आणि ऑपरेशन एक नंबर, डिस्चार्जचा नुसता गोंधळ

आईला पित्ताशयाला सूज आली म्हणून इथे ऍडमिट केलं होतं त्यावरून लिहितोय. रिसेप्शन, पार्किंग, एसी सगळं ठीकठाक आहे, त्यात वेळ घालवत नाही. या आजारात बघायच्या गोष्टी दोनच, निदान किती लवकर होतं आणि ऑपरेशन कधी करतात.

आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे ऍसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. इथे कॅज्युअल्टीत ड्युटीवर एक ज्युनियर डॉक्टर होती, तिने आधी ईसीजी काढून घेतला (पोटाच्या वरच्या भागात दुखतंय आणि वय झालंय म्हटल्यावर हार्टचं नाही ना हे बघावंच लागतं) आणि मग विचारलं की काकू, दुखणं येऊन जाऊन आहे की सलग? पित्ताशयातल्या खड्याची साधी कळ काही तासांत ओसरते, पण खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकूनच बसला की पाच-सहा तास झाले तरी हटत नाही, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जाते, वर ताप आणि उलट्या. मग तिने उजव्या बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाली आता मोठा श्वास घ्या. आई अर्ध्या श्वासावरच थांबली, पुढे घेताच येईना, हात झटकून टाकला तिचा. याला मर्फीज साइन म्हणतात. ईसीजी सोडला तर अजून एक पण मशीन लावलं नव्हतं हो, नुसत्या हाताने!

नंतर रक्त घेतलं, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) वाढलेले, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, लायपेज पण नॉर्मल म्हणजे स्वादुपिंडाला धक्का नाही. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मानेत म्हणजे तोंडाशी अडकलेला खडा, बाजूला थोडं पाणी आणि भिंत जाड, साधारण 3 मिलिमीटरच्या वर गेली की जाड धरतात. मी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करायची का विचारलं तर स्पष्ट नाही म्हणाले, बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं) वाढलेलं नाही, मुख्य पित्तनलिका फुगलेली नाही, मग कशाला? बिल वाढवायची संधी सोडली म्हणून या एका गोष्टीसाठी माझ्याकडून जास्तीचा स्टार.

खाणंपिणं बंद करून सलाईन, अँटिबायोटिक, पेनकिलर सुरू केलं आणि लगेच पित्ताशय काढायच्या ऑपरेशनचं बोलणं काढलं. आमचे नातेवाईक सगळे एका सुरात, आधी सूज उतरू दे, दीड महिन्याने बघू. सर्जननी बसून समजावलं की आधी तशीच पद्धत होती, पण आता पेशंट भूल सहन करण्यासारखा असेल तर लवकर करतात, जमलं तर पहिल्या 72 तासांत, आठवड्याच्या आत तरी, कारण थांबलं की मधेच परत अटॅक येऊ शकतो, खडा खाली सरकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि दिवस गेले की तिथलं सगळं एकमेकांना चिकटून बसतं, मग दुर्बिणीने काढणं अवघड. पेशंट फारच नाजूक असेल तर बाहेरून नळी घालून आधी पित्त काढून घेतात असंही सांगितलं. आणि संमतीचा कागद पुढे करताना आपणहून म्हणाले की आतलं नीट ओळखू आलं नाही तर पोट उघडेन, पित्तनलिकेला इजा होण्यापेक्षा ते बरं. असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो. तशी वेळ आली नाही, दुर्बिणीनेच झालं, नंतर डबीत खडे दाखवले, काळपट हिरवे, त्यातला एक शर्टाच्या बटणाएवढा.

आता राग. ऑपरेशन सकाळी म्हणून पाण्याचा घोट न देता ठेवलं आणि नंबर लागला संध्याकाळी, मधे कोणी सांगायला आलं नाही, सिस्टरना विचारलं तर त्यांनाच माहीत नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'तेलकट टाळा' आणि गोळ्यांची नावं, बस्स. घरी आल्यावर आईचा खांदा दुखायला लागला, आम्ही घाबरलो, कागदावरचा नंबर नुसता वाजत राहिला. पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याने असं दुखतं आणि एक-दोन दिवसांत जातं, हे एक वाक्य कोणी बोललं असतं तर रात्र गेली नसती! ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, पोटदुखी वाढत जाणं, यातलं काही दिसलं तर लगेच या, हे पण लिहून द्यायला नको? ते सगळं आम्हाला टाके दाखवायला गेलो तेव्हा विचारल्यावर कळलं.

सर्जरीला पाच, डिस्चार्जला दोन. इथे जाणार असाल तर घरी निघायच्या आधी सर्जनना स्वतः गाठा, डेस्कवर भरवसा ठेवू नका, आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं त्याचा रिपोर्ट मागून घ्या, आपणहून कोणी फोन करत नाही.