बाल्डर्स गेट ३ चा अधिकृत मॉड मॅनेजर आणि टूलकिट: तेरा महिने वाट बघून वापरला

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याचं, डिझाइन करतो. बाल्डर्स गेट ३ हा गेम पीसीवर आला ३ ऑगस्ट २०२३ ला, त्याच महिन्यात मी घेतला. पहिल्यांदा खेळतानाच ठरवलं होतं, यात आपलं काहीतरी घालायचं. पण मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांची, अधिकृत सोय आली ५ सप्टेंबर २०२४ ला, सातव्या पॅचबरोबर, म्हणजे गेमच्या सातव्या अपडेटबरोबर. मधले तेरा महिने कसे गेले ते आधी सांगतो, नाहीतर या मॅनेजरची किंमत कळायची नाही.

तेव्हा सगळं हातानं. पॅक फाइल उतरवायची, विंडोजच्या ॲपडेटामध्ये खोल शिरून मॉड्सच्या फोल्डरात टाकायची, मग खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या एका मॅनेजरमधून क्रम लावायचा. गेमचा नवा पॅच आला की कुठला मॉड अडेल याचा नेम नाही. निपाणीचा माझा मामेभाऊ आणि मी मिळून खेळतो, म्हणजे दोघांकडे तेच मॉड हवेत आणि तेही त्याच आवृत्तीचे. एका रविवारी रात्री त्याचा फोन आला, "दादा, मी अपडेट केलो आणि सेव्हच उघडेना झालंय बघ." चाळीस तासांचा खेळ होता तो. फाइलींची नावं फोनवर एकेक वाचून जुळवत बसलो. एकच मॉड त्याच्याकडे नवा आणि माझ्याकडे जुना निघाला, तोवर दीड वाजला होता.

मॉड बनवणं तर त्याहून अवघड. आमच्या कामात गिऱ्हाईक कधीकधी ड्रॉइंग न देता जुनी कास्टिंग, म्हणजे ओतलेला तयार भाग, आणून टेबलावर ठेवतो, "हिच्यावरून पॅटर्न करा." कास्टिंग मोजून जसाच्या तसा पॅटर्न केला तर माल लहान येतो, कारण लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आटतं. मूळ पॅटर्नमध्ये ते वाढवलेलं असतं. तयार मालावरून ते दिसत नाही, अंदाज करावा लागतो. तेरा महिने मॉड बनवणाऱ्यांनी हेच केलं. गेमच्या तयार फाइली उलगडायच्या आणि आत काय हिशेब असेल ते ताडायचं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

टूलकिट, म्हणजे मॉड बनवायचं स्टुडिओचंच सॉफ्टवेअर, आलं म्हणजे ड्रॉइंग हातात आलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ते फुकट मिळतं, मूळ गेम मात्र विकत घेतलेला हवा. मी पहिला बनवला तो ऊसतोडीचा कोयता. गेममध्ये विळा आहेच, त्याची नोंद उचलली, नाव बदललं आणि इजा चार बाजूंच्या फाशाऐवजी सहा बाजूंच्या फाशावर नेली. इतकंच. पण आकडा कुठल्या खान्यात लिहायचा आणि तो कुणाकडून वारसा घेतो हे समोर दिसतं, अंदाज करावा लागत नाही.

पॅच आला आणि दोनच दिवसांनी गणेश चतुर्थी होती. मामेभाऊ लॅपटॉप घेऊन बेळगावला आमच्याकडे आला होता. दुपारची आरती झाल्यावर आरासीच्या शेजारीच दोघं बसलो. गेमच्या मेनूतच मॉड मॅनेजर, शोधायचं, उतरवायचं, चालू करायचं. माझी यादी बघून त्यानं तीच लावली आणि आम्ही खेळायला लागलो. फोल्डर उघडावा लागला नाही. एवढ्यासाठीच मी याला पाचपैकी साडेचार देतो.

अर्धा कापला तो नकाशांसाठी. टूलकिट अधिकृतपणे नवे प्रदेश, नव्या कथा बनवू देत नाही. ती कुलपं लोकांनी काही दिवसांतच उघडली, तरी ती लावायला नको होती. याच लॅरियन स्टुडिओनं २०१७ साली डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ बरोबर एडिटर पहिल्यापासून दिला होता, म्हणून जास्त लागतं. स्क्रिप्ट एक्स्टेंडर हे खेळणाऱ्यांनीच बनवलेलं जोड-सॉफ्टवेअर लागणारे मोठे मॉड अजूनही हातानंच घालावे लागतात, हेही घेण्याआधी माहीत असू दे.

थांबण्याबद्दल मात्र तक्रार नाही. विचर ३ हा गेम मे २०१५ चा, त्याचं रेडकिट हे पूर्ण टूलकिट मे २०२४ मध्ये आलं. नऊ वर्षं! त्यापुढे तेरा महिने म्हणजे काहीच नाही.

आठवा पॅच १५ एप्रिल २०२५ ला आला, बारा नवे उपवर्ग, म्हणजे पात्रांचे पोटप्रकार, घेऊन, आणि हा शेवटचा मोठा पॅच असं स्टुडिओनं सांगितलं. मॉडवाल्यांना ही चांगली बातमी आहे, आता पायाखालची फरशी हलणार नाही. त्या रात्री अपडेट झाल्यावर मी फोन हातात घेऊनच बसलो होतो. साडेअकराला तिकडून आला, "दादा, कोयता चाललाय की!"