क्यूजीआयएस: खाणपट्ट्याच्या नकाशांसाठी ११ महिने वापरल्यानंतर

सह्याद्रीतील अभयारण्यांच्या आसपास जांभ्याच्या खाणीसाठी अर्ज करणाऱ्यांचे नकाशे मी तयार करून देतो, आणि गेले ११ महिने हे सगळे काम क्यूजीआयएस या मोफत व मुक्तस्रोत नकाशा प्रणालीवर करत आहे. ती चांगली आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळले होते. परवानगीला लागणाऱ्या विलंबातला किती भाग नकाशाच्या टेबलावरच जन्माला येतो, हे मात्र तिच्यामुळे फार नंतर समजले.

या भागात सगळा प्रश्न अंतराचा असतो. पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांपैकी कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले. अभयारण्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अंतिम अधिसूचनेने ठरलेले नसेल, तर १० किलोमीटरच्या आतील आणि पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडेही जावे लागते. त्यामुळे शे-दीडशे मीटरची चूक ही इथे किरकोळ चूक राहत नाही.

तशी चूक माझ्या हातून झाली. अभयारण्याची सीमा मी एका जुन्या स्थलदर्शक नकाशावरून उतरवून घेतली होती आणि खाणीसाठी मागितलेल्या पट्ट्याच्या कोपऱ्यांचे बिंदू जीपीएसवर घेतले होते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रारूपावर, आधारलेले असतात, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीत अक्षांश-रेखांश देतो. तेच आकडे एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर न करता नेले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून अधिक सरकते. मी सीमेचा आणि कोपऱ्यांचा असे माहितीचे दोन्ही थर एकाच पद्धतीचे समजून एकमेकांवर ठेवले. जवळच्या कोपऱ्याचे अंतर १,०७० मीटर दिसले, अर्ज गेला आणि साडेतीन महिन्यांनी सीमेच्या अंतराबद्दल त्रुटी काढून परत आला. खाणमालक संतापले, आणि तेव्हा मलाही हा कागदी अडथळाच वाटला होता. सीमेच्या थराला त्याची खरी पद्धत नेमून दिली, तेव्हा तेच अंतर ९५० मीटर निघाले. म्हणजे त्रुटी योग्य होती आणि पट्ट्याचा तो कोपरा मागायलाच नको होता.

इथे प्रणालीची बाजू सांगणे न्यायाचे होईल. एका पद्धतीतून दुसरीत जाण्याचे एकाहून अधिक मार्ग असतील, तर ती ते समोर ठेवते आणि प्रत्येक मार्गाची अपेक्षित अचूकता जिथे माहीत असेल तिथे मीटरमध्ये दाखवते. मी ती खिडकी न वाचता बंद करत असे. उलट, थराला चुकीची पद्धत नेमली तर ती निमूटपणे मान्य करते, कारण कागद कोणत्या काळातला आहे हे तिला कळण्याचा मार्ग नाही. नकाशाच्या समासातील मजकूर आपणच वाचायला हवा.

दुसरी अडचण सीमेभोवती ठरावीक अंतराची कड आखण्याच्या, म्हणजे बफरच्या साधनाची आहे. थर अक्षांश-रेखांशात असेल, तर ते अंतर मीटरऐवजी अंशात मागते. शेजारी इशाऱ्याचे चिन्ह येते, पण नवख्याच्या नजरेतून ते सुटते. महाराष्ट्राच्या या भागासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग घेतला की एक किलोमीटर म्हणजे खरोखर एक किलोमीटर आखला जातो. अर्जासोबत द्यायची केएमएल फाइल (नकाशावरील आकृत्या साठवणारी फाइल) बाहेर काढताना प्रणाली स्वतःच डब्ल्यूजीएस ८४ मध्ये रूपांतर करते, त्यामुळे अर्जाच्या वेळी वेगळी धावपळ होत नाही. छपाईची मांडणी शिकायला वेळ लागतो. एकदा साचा तयार झाला की चालतो.

सगळ्यात मोलाचे ठरले ते थर एकावर एक ठेवून पाहणे. सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या सपाट खडकाळ पठारावरचे, पावसाळी पाणवठे, ओढ्यांचे उगम, पायवाटा आणि मागितलेला पट्टा एका नकाशावर पाहिल्यावर खाणमालकांशी होणारे बोलणे बदलले. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या वनस्पती एकदा चिरा (जांभ्याचा बांधकामाचा दगड) काढला की परत येत नाहीत. हे मी आधीही तोंडी सांगत होतो. नकाशावर त्यांनी ते स्वतः पाहिले आणि कोपऱ्याबरोबर एका पाणवठ्यालगतचा तुकडाही आपणहून वगळला.

सुधारित अर्जावर अंतराची त्रुटी निघाली नाही. आता विचारणा आली आहे ती पावसाचे पाणी कुठून वाहून जाते याची. त्यासाठी उंचीच्या आकडेवारीवरून प्रवाहरेषा काढण्याचे साधन मी सध्या शिकत आहे, आणि निघालेली प्रत्येक रेषा येत्या पावसात सड्यावर जाऊन तपासल्याशिवाय नकाशात घेणार नाही.