माथेरानला कशाने जावं? मिनीट्रेन, टॅक्सी, घोडा की ई-रिक्षा

माथेरानला जायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो मिनीट्रेन की टॅक्सी असा. पण हा प्रश्न अर्धाच आहे. प्रवासाचे दोन तुकडे पडतात. पहिला नेरळ ते दस्तुरी नाका, म्हणजे घाट. दुसरा दस्तुरी ते बाजारपेठ, म्हणजे वरचं अडीच-तीन किलोमीटर अंतर, जिथे तुमच्या गाडीला प्रवेश नाही. बहुतेकांचे हाल होतात ते या दुसऱ्या तुकड्यात, कारण त्याचा विचार दस्तुरीला उतरल्यावर सुरू होतो, तोही चार माणसांनी घेरल्यावर.

आधी नेरळला पोहोचण्याबद्दल. मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल थेट नेरळला थांबते. पुण्याकडच्या मंडळींनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडावी. मध्ये फक्त भिवपुरी रोड लागतं.

नेरळ ते दस्तुरी

माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत आलं. त्यानंतरची पन्नासेक वर्षं नेरळहून वर जायला घोडा, माणसांच्या खांद्यावरची डोली किंवा स्वतःचे पाय एवढंच होतं. हे बदललं पीरभॉय कुटुंबामुळे. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचा ध्यास यातून १९०४ मध्ये रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये मिनीट्रेन धावू लागली, दस्तुरीला न थांबता थेट वरच्या बाजारपेठेपर्यंत.

ही गाडी हळू का, हे समजलं की ती घ्यायची की नाही हे ठरवणं सोपं जातं. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट आहे, कारण डोंगराच्या कडेने इतकी तीव्र वळणं घेणं रुंद रुळांना जमलं नसतं. चढ काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट आहे आणि रुळांच्या मध्ये चाकाला पकड देणारी दातेरी पट्टी नाही. चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच सगळा भार. रूळ ओला झाला, त्यावर पालापाचोळा चिकटला की चाक घसरतं. म्हणून सुमारे २१ किलोमीटरला अडीच तासांच्या आसपास लागतात. वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात गेली, डिझेल आली, तरी वेळात मोठा फरक पडला नाही. अडचण इंजिनाच्या ताकदीची नाही, वळणांची आहे.

भरवशाचं म्हणाल तर या गाडीचा इतिहास थोडा कडक शब्दांत सांगावा लागतो. जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला आणि सुरू व्हायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये डबे लागोपाठ घसरल्यावर सेवा बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने २०१७-१८ मध्ये परत आली. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा वाताहत झाली, ती ऑक्टोबर २०२२ पर्यंत. शिवाय दर वर्षी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्थानक) हा भाग बंदच असतो. घाटातली माती भिजली की दरड रुळावर येते, आणि रुळांखालची खडी वाहून जाते. तेव्हा पावसाळ्यातल्या सहलीसाठी मिनीट्रेनचं स्वप्न मुलांना दाखवू नये.

हंगामातही फेऱ्या मोजक्या आणि डबे लहान. शनिवार-रविवारी सकाळी नेरळच्या खिडकीवर रांग लागते आणि रांगेत नंबर मागे असेल तर तिकीट मिळेलच असं नाही. त्यामुळे गाडीच हवी असेल तर मधल्या वारी जावं. वीकेंडला जाणारच असाल तर पहिल्या गाडीच्या बऱ्याच आधी नेरळ गाठावं आणि नाही मिळालं तर टॅक्सी, हे आधीच घरात कबूल करून घ्यावं. जुम्मापट्टी आणि वॉटर पाईप ही मधली स्थानकं, दरीवरची वळणं, छोटासा बोगदा, हे सगळं बघायला ही गाडी आहे. वेळेवर पोहोचायला नाही.

टॅक्सी स्थानकाबाहेरच मिळते. सीटवर जाते, म्हणजे पाच-सहा माणसं भरली की सुटते. घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे भरून लगेच निघता येतं. अर्ध्या तासाच्या आत दस्तुरी. वळणांवर मळमळणाऱ्यांनी पुढची सीट मागून घ्यावी आणि पोट भरून बसू नये.

स्वतःची गाडी नेणं शक्य आहे, दस्तुरीला पार्किंग आहे. पण हा घाट नवशिक्यांचा नाही. अरुंद रस्ता, पहिल्या-दुसऱ्या गिअरचे चढ आणि ऐन वळणावर समोरून खाली येणारी टॅक्सी. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली की क्लच प्लेट जळते, वास आधी येतो. हँडब्रेक लावून थांबावं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरावं. सतत ब्रेक दाबत आलं तर ब्रेक तापून पकड सोडतात. सुट्टीच्या दिवशी पार्किंग सकाळीच भरतं आणि मग गाड्यांची रांग घाटातच अडकते. रविवारी स्वतःची गाडी नेण्यात आम्हाला काडीचाही फायदा दिसत नाही. ती नेरळला ठेवा, वर टॅक्सीने जा.

दस्तुरी ते बाजारपेठ

इथून पुढे मोटारींना बंदी. २००३ मध्ये केंद्राने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मिनीट्रेन आणि रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर वर्षानुवर्षं इथे फक्त घोडे, हातरिक्षा आणि पाय होते. नाक्यावर नगरपालिकेचा प्रवेश कर भरून पावती घ्यावी आणि मगच पुढचं वाहन ठरवावं.

हातरिक्षा: एक माणूस पुढे ओढायला, एक-दोघं मागून ढकलायला, आणि आत बसलेला पर्यटक. ९४ परवाने होते. म्हाताऱ्यांना वर न्यायला दुसरा उपाय नव्हता हे खरं, पण ओढणाऱ्यांच्या छातीचा भाता चढावर कसा चालायचा हेही सगळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. निवडीच्या यादीतून ती काढूनच टाकावी.

ई-रिक्षा: डिसेंबर २०२२ मध्ये सात गाड्यांवर प्रयोग सुरू झाला. तेव्हा पर्यटकाला ३५ रुपये आणि विद्यार्थ्याला ५ रुपये असं भाडं होतं. शाळेत रोज चालत येणाऱ्या गावच्या पोरांना हा बदल पर्यटकांपेक्षा जास्त लाभला. २०२४ मध्ये न्यायालयाने संख्येला २० ची मर्यादा घातली. म्हणजे गाड्या थोड्या आणि रविवारी माणसं हजारो. रांग अटळ. चढावर मोटर जास्त करंट ओढते, त्यामुळे सपाटीपेक्षा बॅटरी लवकर उतरते आणि चार्जिंगला गाडी रांगेबाहेर जाते. चालक जादा माणूस घ्यायला नाही म्हणतो तेव्हा हुज्जत घालू नये. मोठी बॅग मांडीवर घ्यावी लागते. दुसरं म्हणजे ई-रिक्षा मुख्य रस्त्यावरची सोय आहे. शार्लोट लेक, इको पॉइंट, पॅनोरमा पॉइंट फिरवून आणणारं वाहन नाही.

शटल: दस्तुरीपासून काही मिनिटांवर अमन लॉज स्थानक आहे. तिथून माथेरान स्थानकापर्यंत मिनीट्रेनची शटल वीसेक मिनिटांत पोहोचवते, आणि स्थानक बाजारपेठेतच आहे. वरचा भाग त्यामानाने सपाट असल्याने पावसाळ्यातही ही चालते. पूर्ण मिनीट्रेनची हौस असूनही जमत नसेल तर टॅक्सी अधिक शटल हा सर्वांत शहाणा मेळ. दहा-बारा जणांचा गट असेल तर ई-रिक्षांपेक्षा हीच बरी, सगळे एकत्र पोहोचतात.

घोडा: चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आहेत आणि गावातल्या अनेक घरांची चूल त्यावर पेटते. दर फलकावर लिहिलेले असतात. ते आधी वाचावेत आणि दर माणशी की घोड्यामागे, जायचा की येऊन-जाऊन, हे बसण्याआधी बोलून घ्यावं. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे. रिकिबीत पायाचा फक्त पुढचा भाग ठेवायचा, टाच बाहेर आणि खाली. पाऊल आरपार गेलं आणि घोडा बुजला तर पाय अडकतो, खरा धोका तो. लहान मुलाच्या घोड्याचा लगाम घोडेवाल्याच्या हातात हवा. सामान घेऊन नुसतं हॉटेलवर पोहोचायला घोडा महाग पडतो. त्याचे पैसे पॉइंट बघण्यासाठी राखून ठेवलेले बरे.

चालणं: धडधाकट माणसाला पाऊण तास. मुख्य रस्त्यापेक्षा रुळाच्या कडेची वाट कमी चढाची आणि सावलीची. गाडी आली की बाजूला थांबायचं, रुळावर सेल्फी नाही. जांभ्याची लाल धूळ बूट आणि पँट रंगवते, तेव्हा पांढरं काही घालू नये. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं हिसकतात. ती बॅगेत, चेन लावून.

चाकांच्या ट्रॉली बॅगेबद्दल वेगळं सांगायला हवं. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर आणि उखडलेल्या जांभ्यावर तिची चाकं शंभर मीटरमध्ये जाम होतात. पाठीवरची सॅक न्यावी, नाहीतर हमाल करावा आणि त्याचेही पैसे आधी ठरवावेत.

कुणी काय घ्यावं

गुडघेदुखी, दमा किंवा गरोदरपण असेल तर टॅक्सी आणि ई-रिक्षा. रांग लांब असेल तर शटल. पाच ते दहा वर्षांची मुलं बरोबर असतील तर जाताना टॅक्सी-शटल. हंगाम असेल आणि तिकीट मिळालं तर परतताना पूर्ण मिनीट्रेन, कारण तेव्हा उशीर झाला तरी हॉटेलच्या वेळा चुकत नाहीत. चार तरुण, एकेक सॅक आणि दिवसभराची सहल, तर चालत जा. पैसेही वाचतात, रांगही वाचते.

हॉटेल ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: माथेरान स्थानकापासून किती चालावं लागेल? काही जुने बंगले आणि हॉटेलं बाजारपेठेच्या पलीकडे दीड-दोन किलोमीटर आत आहेत. तिथे सामान उचलायला माणूस पाठवतात का, हेही विचारा.

दस्तुरीला कुणी "ई-रिक्षा बंद आहे, गाडी आज नाही" असं सांगितलं तर त्याच्या शब्दावर न जाता स्वतः अमन लॉजच्या खिडकीपर्यंत आणि ई-रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन बघा. याच दिशाभुलीविरुद्ध मार्च २०२५ मध्ये गावातल्या लोकांनीच बंद पाळला होता. रविवारी परतताना मात्र चार वाजायच्या आत दस्तुरी गाठा. त्यानंतर टॅक्सीची रांग आणि खाली लोकलची गर्दी, दोन्ही एकदमच वाढतात.