गॅसवरची डार्ट गन, सहा वर्षं वापरल्यावर

वन्यजीवांत काम करायचंय म्हणणारे पशुवैद्यकीचे विद्यार्थी भेटले की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच, ‘मॅडम, गन कोणती वापरता?’ म्हणून एकदाच लिहून टाकते.

डार्ट गन म्हणजे जनावराला लांबून भुलीचं इंजेक्शन मारायची बंदूक. माझी गन कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरवर चालते. आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे दाबाचा काटा. जनावर किती लांब आहे, डार्ट किती मिलीची आहे, ते बघून दाब ठरवता येतो. जवळून जास्त दाबानं मारलेली डार्ट हाड मोडते, पोटात घुसली तर संपलंच. आवाजही कमी, कळपातली बाकीची हरणं माना वर करतात आणि पुन्हा चरू लागतात. पिंजऱ्यातल्या जनावराला मात्र मी गन काढतच नाही, तिथे फुंकनळी बरी.

तक्रार आहे ती थंडीची. सिलिंडर गार पडला की आतल्या गॅसचा दाब उतरतो. पुस्तिकेत यावर एकच ओळ आहे, तीही शेवटच्या पानावर. मी दाबाचा तक्ता बनवला होता भर दुपारी. पहिल्याच हिवाळ्यात, पहाटे, पायात तार रुतलेल्या हरणावर डार्ट मारली आणि ती दोन हात अलीकडे गवतात पडली. हरीण पळून गेलं. भरलेली डार्ट तशीच सोडून येता येत नाही. दोन तास गुडघ्यांवर शोधत होतो. तेव्हापासून सिलिंडर जॅकेटच्या आत, अंगाशी असतो आणि डार्टचं शेपूट भडक गुलाबी.

सोबत आलेल्या डार्ट चांगल्या आहेत. सुईचं भोक बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची नळी बसते. सुई घुसली की नळी मागे सरकते आणि मागच्या कप्प्यातली हवा औषध ढकलते. पण ही नळी वारंवार वापरली की सैल पडते, औषध झिरपतं. भरलेलं औषध एटॉर्फिन, म्हणजे अतिशय तीव्र भूल, असेल तर थेंबभरही माणसाच्या जिवावर बेतू शकतो. हातमोजे, चष्मा, आणि उतारा कुठे आहे हे माहीत असलेला दुसरा माणूस, हे तिन्ही नसेल तर मी डार्ट भरत नाही.

मुलांना वाटतं डार्ट लागली की काम झालं. खरी डॉक्टरकी तिथून पुढे. औषध चढेपर्यंत पाठलाग करायचा नाही. पळून तापलेलं जनावर स्नायू खराब होऊन चार दिवसांनीही मरतं. हरीण कुशीवर पडू द्यायचं नाही, छातीवर बसवायचं, मान वर, नाक खाली, नाहीतर पोटातलं श्वासनलिकेत. डोळ्यांवर पट्टी. थर्मामीटर ४१ दाखवायला लागला की बाकी सगळं सोडून अंगावर पाणी. मेडेटोमिडिन आणि केटामिन ही भुलीची औषधं एकत्र देतो, त्यातल्या मेडेटोमिडिनला अटिपामेझोलचा उतारा आहे, केटामिनला नाही. घाईनं उतारा दिला तर नुसतं केटामिन अंगात उरतं आणि जनावर ताठरतं. यातलं काहीही गन करून देत नाही. आणि गन महिनोन्‌महिने कपाटात असते. माझे बहुतेक दिवस शवविच्छेदनात, रक्ताच्या नमुन्यांत आणि अहवालांत जातात.

घ्यावी का? घ्या, पण आधी पुठ्ठ्यावर दोनशे डार्ट मारा. पाणी भरून. रिकामी डार्ट वेगळी उडते. आणि तक्ता पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा.