पडद्याच्या दांडीसाठी सिलिकॉन स्प्रे: उपयोगी, पण दांडी सरळ असेल तरच

आयलेटचे, म्हणजे वरच्या काठात बसवलेल्या कड्यांतून दांडी ओवलेले, पडदे ओढताना होणारी खरखर आणि मध्येच अडून बसणारी कडी यांवर उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ‘ड्राय’ प्रकारचा सिलिकॉन स्प्रे मी घरातील 25 मिलिमीटरच्या, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत एक इंची, स्टीलच्या दांड्यांवर वापरत आहे. धातूची दांडी आणि धातूच्या कड्या असा जोड असेल तर त्याचा गुण ताबडतोब दिसतो. पडदा एका हाताने, न अडखळता सरकतो आणि सकाळी घरातल्यांची झोपमोड करणारा तो आवाजही बराच कमी होतो.

फवाऱ्यातील द्रावक लवकर उडून जाते आणि धातूवर सिलिकॉनचा अतिशय पातळ थर उरतो, जो फारसा चिकट नसल्यामुळे धूळ धरत नाही. घरगुती उपायांपेक्षा हा स्प्रे सरस ठरतो तो याच कारणाने. शिलाई मशीनच्या तेलाने पडदा पहिले काही दिवस छान सरकतो, पण पुढे त्यावर धुळीचा काळा लेप बसतो आणि त्याचे डाग कापडावर उतरतात. खोबरेल तेल तर साधारण 24 अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत खिडकीजवळच्या दांडीवर त्याचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

वापरण्याच्या पद्धतीवर मात्र बरेच काही अवलंबून आहे. पडदे उतरवून, दांडी व कड्यांच्या आतील कडा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि स्प्रे दांडीवर न मारता फडक्यावर मारून ते फडके दांडीवरून फिरवावे. थेट फवारल्यास तुषार भिंतीवर आणि फरशीवर उडतात. सिलिकॉन लागलेल्या भिंतीवर पुढे रंग नीट धरत नाही, आणि गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरण्याचा धोका असतो तो वेगळाच. डब्यातील वायू सहसा ज्वलनशील असतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या वेळी जवळपास गॅस, निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.

ज्यांची अडचण घर्षणाची नाहीच, त्यांचे पैसे मात्र वाया जातील. एकात एक सरकणाऱ्या, लांबी कमीजास्त करता येणाऱ्या दांडीवर दोन नळ्यांच्या जोडापाशी जी पायरी असते तिथे कडी अडकते. तिथे स्प्रेपेक्षा जोडावर सफाईने गुंडाळलेली पातळ पारदर्शक चिकटपट्टी अधिक कामाची. जड पडद्यांनी मध्ये झोळ आलेल्या दांडीला मधला ब्रॅकेटच हवा, मग आयलेटचा पडदा त्यापलीकडे जाणार नाही हे गृहीत धरून दोन बाजूंना दोन पडदे लावावे लागतात. समुद्राकाठच्या घरांत मुलामा दिलेल्या लोखंडी दांडीला गंज चढून पापुद्रे सुटले असतील तर ती बदलावी. लाकडी दांडीला मेण चोळणे मला अधिक योग्य वाटते.

पडदा खालच्या टोकाला धरून खेचण्याची सवयही तितकीच कारणीभूत आहे. तसे केल्याने कडी तिरकी होते, तिच्या दोन कडा दांडीला चावतात आणि जितका जोर लावावा तितकी ती घट्ट रुतते. वरच्या भागाला धरून किंवा पहिल्या कडीपाशी अडकवलेल्या काठीने पडदा ओढल्यास स्प्रेचा परिणामही अधिक टिकतो.

वापराच्या मानाने डबा महाग वाटू शकतो, कारण दांड्यांसाठी त्यातला अगदी थोडा भाग लागतो. उरलेला स्प्रे सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी वापरता येतो. फक्त आधी त्यांतील माती ब्रशने काढून टाकावी, नाहीतर ती चाकांखाली दळली जाते.