त्याच कारखान्यातली क्रीम, फक्त नाव नाही

‘ही क्रीम त्या महागड्या ब्रँडच्याच कारखान्यात बनते, डबीवर नाव नसतं म्हणून दहाव्या हिश्शाच्या किमतीत मिळते,’ असं कुणी तुम्हाला सांगत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. मला हेच सांगून जे विकलं गेलं, त्यात लेबलवर न लिहिलेलं तीव्र स्टिरॉइड होतं. त्याचे परिणाम माझ्या गालांवर अजून आहेत.

माझी त्वचा कोरडी आहे आणि दोन्ही गालांवर वांग आहेत. ज्या क्रीमबद्दल सगळीकडे चांगलं ऐकत होते, तिची किंमत मला परवडण्यातली नव्हती, म्हणून तिचा पर्याय शोधत होते. हा शोध अगदी योग्य आहे, आजही माझं तेच मत आहे. चांगली त्वचा ही फक्त पैसेवाल्यांची मक्तेदारी का असावी? मला क्रीम विकणाऱ्या बाईंनी फायदा घेतला तो नेमका याच भावनेचा. सोशल मीडियावरच्या त्यांच्या पानाचं नावच ‘परवडणारा पर्याय’ अशा अर्थाचं होतं. महागड्या कंपन्या ग्राहकाला कशा लुटतात, जाहिरातीवर किती उधळतात, डबीचाच खर्च किती, हे सगळं त्या फार पोटतिडकीने लिहायच्या. त्यातलं बरंचसं खरंही होतं. त्यामुळे पुढचं खोटं त्याच्याबरोबर सहज पचून गेलं.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे तुलनेचं चित्र. डावीकडे महागड्या क्रीमच्या घटकांची यादी, उजवीकडे त्यांच्या क्रीमची, आणि जुळणाऱ्या प्रत्येक नावापुढे हिरवी खूण. पाणी, ग्लिसरीन, शेवाळाचा अर्क, शिया बटर, ई जीवनसत्त्व. पाहणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर सगळं सारखंच आहे! पण अशी यादी कशी वाचायची ते त्या चित्रात कुठेही नसतं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण हा नियम १ टक्क्यापर्यंतच. त्याखालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह बहुतेक क्रीममध्ये असतं आणि युरोपच्या नियमांत त्याची मर्यादा १ टक्का आहे. म्हणून यादीत त्याच्यानंतर आलेला कुठलाही सुंदर नावाचा अर्क साधारणपणे १ टक्क्याच्या आतच असतो. दोन क्रीममध्ये दहा नावं सारखी असली तरी एकीत तो घटक ५ टक्के आणि दुसरीत नावापुरता असू शकतो. शिवाय ती उजवीकडची यादी खरी आहे हे कोण सांगणार? ती तर विकणाऱ्या बाईंनीच टाइप केलेली होती.

डबी आली. लेबलवर ‘शुद्ध वनस्पतिजन्य, रसायनविरहित’ असं लिहिलेलं. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, उत्पादनाची तारीख नाही. ‘आम्ही थोड्या थोड्या प्रमाणात ताजी बनवतो, म्हणून छापील लेबल नसतं,’ असं उत्तर मिळालं. मग त्याच कारखान्यात बनते म्हणायचं ते कशाला, हा विरोधाभास मी विचारला तेव्हा त्यांनी ‘बेस तिथून येतो ताई, फिनिशिंग आमच्याकडे होतं’ असं सांगितलं. इतक्या आत्मविश्वासाने दिलेलं उत्तर माणसाला खरंच वाटतं.

आणि क्रीमचा गुण आला! पहिल्या आठवड्यातच चेहरा उजळला, लालसरपणा गेला, बारीक पुटकुळ्या बसल्या, वांगही फिके दिसू लागले. ओळखीच्या बायका विचारायला लागल्या. यातल्या दोघींनी माझं बघूनच मागवली, आणि हे मला आजही सगळ्यात जास्त छळतं.

आता हे उजळणं कुठून आलं ते सांगते, कारण इथेच बहुतेकजणी फसतात. स्टिरॉइड त्वचेवर लावलं की तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि जागा फिकट पडते. हा परिणाम इतका ठरलेला आहे की १९६२ पासून अशा औषधांची तीव्रता मोजायला तोच वापरतात. कातडी किती पांढरी पडते ते बघायचं, त्यावरून औषध किती जोरकस ते ठरवायचं. सूज आणि खाज स्टिरॉइडने झटपट कमी होते, पुळीचा लालपणाही बसतो. म्हणजे जी ‘चमक’ मी आरशात पाहत होते, ती रक्तवाहिन्या आवळल्याची खूण होती. मॉइश्चरायझरने त्वचा मऊ होते, तुकतुकीत दिसते, पण आठवड्याभरात वांग फिके होत नाहीत. वांगांवरचे प्रामाणिक उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि रोज सनस्क्रीन लावल्याशिवाय तेही टिकत नाहीत.

दुसरी डबी अर्ध्यावर आली तेव्हा तोंडाभोवती बारीक लाल पुरळ उठलं. ओठांच्या कडेला लागून एक अरुंद पट्टा तेवढा स्वच्छ, बाकी सगळीकडे दाणे. गाल उन्हात गेलं की भाजल्यासारखे व्हायचे. मी फोटो पाठवले.

‘अगदी नॉर्मल आहे ताई. हे पर्जिंग आहे. आतली घाण बाहेर पडतेय. आता सोडलीत तर सगळी मेहनत वाया जाईल.’

मी दोन दिवस लावली नाही तर चेहरा लालभडक झाला, आग व्हायला लागली. पुन्हा लावली की तासाभरात शांत. ‘बघा, तुमच्या त्वचेला क्रीम हवी आहे,’ त्या म्हणाल्या. वर ‘आता दिवसातून दोनदा लावा’ असा सल्लाही दिला.

पर्जिंग हा शब्द नीट समजून घ्या, कारण फसवणारे तो ढालीसारखा वापरतात. पेशींची झीज-वाढ वेगाने करणारे घटक, म्हणजे रेटिनॉइड किंवा सॅलिसिलिक आणि ग्लायकोलिकसारखी आम्लं सुरू केली की जिथे नेहमी पुळ्या येतात तिथेच काही आठवडे जास्त येऊ शकतात आणि मग कमी होतात. शिया बटर आणि शेवाळाच्या अर्काने पर्जिंग होत नाही. त्यांनी सांगितलेल्या यादीत असं करणारा एकही घटक नव्हता. म्हणजे एक तर यादी खोटी, नाही तर पर्जिंग खोटं. माझ्या बाबतीत दोन्ही खोटं निघालं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘लावायचं बंद केलं की आग होते का?’ दुसरा प्रश्न, ‘कुठली क्रीम?’ डबी त्यांनी हातात घेतली, लेबलवर काय नाही ते बघितलं आणि ती प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगितलं. तपासणीत क्लोबेटासोल प्रोपिओनेट निघालं. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमध्ये हे सर्वांत तीव्र गटात येतं. औषध म्हणून देताना सलग २ आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये आणि चेहऱ्याला लावू नये अशी सूचना त्याच्यासोबत असते. मी ते महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावत होते, आणि मला ते शेवाळ म्हणून दिलं गेलं होतं.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही, हेही सांगते. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्वचेवर यशस्वीपणे वापरलं गेलं, आणि तेव्हापासून एक्झिमासारख्या आजारांत असंख्य लोकांना त्याने आराम मिळाला आहे. डॉक्टरांनी योग्य जागी, योग्य दिवस लावायला सांगितलेलं स्टिरॉइड घाबरून सोडू नका. गुन्हा आहे तो लपवण्यात. न सांगता चेहऱ्यावर लावायला दिलं की त्वचा पातळ होते, गालांवर रक्तवाहिन्यांची लाल जाळी दिसू लागते, लव वाढते, पुरळ येतं, आणि सोडू म्हटलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या उसळून सैलावतात. याच उसळीमुळे माणूस पुन्हा डबीकडे वळतो. विकणाऱ्याला गिऱ्हाईक टिकवायला आणखी काय हवं?

माझं पुरळ उपचारांनी गेलं, पण त्याला बराच काळ लागला. गालांवरच्या रक्तवाहिन्या आहेत तशाच आहेत. वांग परत आले, आधीपेक्षा गडद.

क्रीम विकणाऱ्या बाईंना तपासणीचा अहवाल पाठवला तेव्हा ‘तुम्ही दुसरं काहीतरी लावलं असेल’ असं उत्तर आलं, मग ‘आमच्या शेकडो ताया खूश आहेत’ असं, आणि मग ब्लॉक. त्यांच्या पानावर लोकांनी लिहिलेल्या तक्रारी पुसलेल्या होत्या. पान तक्रारीनंतर बंद झालं आणि काही दिवसांतच वेगळ्या नावाने, त्याच तुलनेच्या चित्रांसह उघडलं.

स्टिरॉइड हा एकच प्रकार नाही. गोरेपणाच्या आणि डाग घालवण्याच्या क्रीममध्ये पाऱ्याचे क्षारही सापडतात, कारण पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. तो शरीरात शोषला जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. टॉवेल, उशी यांतून घरातल्या मुलांपर्यंतही पोहोचतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ पासून लागू झाला, आणि दहा लाखांत १ भागाहून जास्त पारा असलेली प्रसाधनं बंद करायला त्याने २०२० ही मुदत दिली होती. तरी ती विकली जातात. लेबलवर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा मर्क्युरी असं काही दिसलं, किंवा ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम, दागिने यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली, तर ती डबी उघडूसुद्धा नका. हायड्रोक्विनोन हेही असंच गुपचूप घातलं जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी आहे, पण वर्षानुवर्षं लावलं तर त्वचेवर निळसर काळे डाग पडू शकतात आणि ते घालवणं फार अवघड असतं.

आता खऱ्या पर्यायांबद्दल. ही फसवणूक वाचून कुणी ‘मग महागडंच घ्यावं’ असं ठरवलं तर मला फार वाईट वाटेल. ला मेर या महागड्या ब्रँडच्या प्रसिद्ध क्रीमची यादी वाचा. शेवाळाच्या अर्कामागोमाग मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम आणि ग्लिसरीन आहे. १९११ मध्ये बाजारात आलेल्या निव्हियाच्या साध्या क्रीममध्येही मिनरल ऑइल, मेण आणि ग्लिसरीन आहे. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, पण कोरड्या त्वचेतलं पाणी धरून ठेवायचं काम ज्यांच्यामुळे होतं ते घटक अतिशय स्वस्त आहेत. नायसिनामाइड, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, तोही स्वस्त आहे. सी जीवनसत्त्वाच्या सीरमचं बघा, १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल हे मिश्रण २००५ मध्ये शोधनिबंधात प्रसिद्ध झालं आहे. हेच तीन घटक वापरणारी कमी किमतीची सीरम मिळतात. घेताना टक्केवारी लिहिली आहे का, पीएच (आम्लतेचं माप) ३.५ च्या खाली आहे का आणि बाटली प्रकाशापासून जपणारी आहे का ते बघावं. द्रव तपकिरी झाला असेल तर घेऊ नये.

या सगळ्या पर्यायांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांच्यावर कुठल्या तरी कंपनीचं स्वतःचं नाव असतं, पत्ता असतो, बॅच नंबर असतो, आणि त्या ‘आम्ही अमक्याच्या कारखान्यातले’ असं सांगत नाहीत. ग्लिसरीन आणि नायसिनामाइड विकायला कुणाच्या कारखान्याचं गुपित लागत नाही.

खऱ्या ब्रँडची डबी फार स्वस्तात मिळते तिथेही जपा. रिकाम्या मूळ बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरून विकलं जातं. बॅच नंबर तपासला तर खराच निघतो, कारण बाटली खरीच असते.

तुम्ही सध्या अशी एखादी बिननावाची क्रीम लावत असाल आणि सोडल्यावर आग, लाली, पुरळ येत असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करून सहन करत बसू नका आणि पुन्हा लावायलाही सुरुवात करू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे डबी घेऊन जा. काहींना टप्प्याटप्प्याने कमी तीव्रतेच्या औषधावर आणावं लागतं, काहींना सोबत गोळ्या लागतात, आणि ते चेहरा बघूनच ठरतं. पाऱ्याचा संशय असेल तर डबी घट्ट बंद करून पिशवीत ठेवा, कचऱ्यात टाकू नका, वापरलेले टॉवेल आणि अभ्रे वेगळे काढा आणि डॉक्टरांना लघवीतल्या पाऱ्याच्या तपासणीबद्दल विचारा.

विकणाऱ्याला जाब विचारण्याआधी सगळ्या संवादाचे, तुलनेच्या चित्रांचे आणि पैसे पाठवल्याच्या पावतीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण जाब विचारल्यावर ते काही मिनिटांत नाहीसं होतं. डबी पूर्ण संपवू नका. तपासणीला क्रीम लागते, आणि औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार करताना अहवालासोबत उरलेली क्रीम मूळ डबीतच द्यावी लागते. माझ्याकडे अर्धी डबी उरली होती म्हणून तक्रार दाखल होऊ शकली. ज्या दोघींनी माझं बघून मागवली होती, त्यांतल्या एकीने डबी फेकून दिली होती. दुसरीची डबीही आता तपासणीला गेली आहे.