अॅमस्टलवीनचं घर, ६,१४५ युरो आणि एलटीने सुरू होणारं अकाउंट

नेदरलँड्समध्ये, अॅमस्टरडॅमजवळच्या अॅमस्टलवीनला, भाड्याच्या घराच्या नावाखाली आम्हाला फसवलं. आधी रक्कम सांगते म्हणजे पुढचं नीट वाचाल. ६,१४५ युरो. दोन महिन्यांचं डिपॉझिट ३,९००, पहिल्या महिन्याचं भाडं १,९५० आणि "काँट्रॅक्ट व किल्ली" या नावाखाली २९५. पुण्याच्या बँकेने जो रेट लावला त्याने ६ लाख २७ हजार रुपये, चार्जेस वेगळे. माझी एफडी मोडून पाठवलेत, नवऱ्याच्या पगारातले नाहीत, हे मुद्दाम लिहितेय कारण घरात त्यावरून जे व्हायचं ते होऊन गेलंय.

आता लगेच कोणी "अगं घर न बघता पैसे कसे पाठवलेस" म्हणू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, तो सगळा प्रकार आम्हालाही माहीत होता, आणि म्हणूनच न बघता एक पैसा द्यायचा नाही असं ठरलेलं. घर बघितलं हो आम्ही! नवरा आधी गेला होता, कंपनीने सुरुवातीपुरता फ्लॅट दिलेला त्याची मुदत संपत आलेली, मी पुण्यात दोन मुलं आणि अर्धवट भरलेल्या बॅगा घेऊन बसलेले. तो स्वतः त्या घरात गेला, मी व्हिडिओ कॉलवर. तो शिडीसारखा उभा जिना, किचनच्या निळ्या टाइल्स, मागे सायकली ठेवायची शेड, सगळं फिरून दाखवलं. घर दाखवणारा माणूस नीटनेटका, इंग्लिश छान, माझ्या धाकट्याला कॉलवर हाय पण केलं मेल्याने.

टॉयलेटमध्ये भिंतीवर एक कॅलेंडर होतं, वार नाहीत, नुसत्या तारखा आणि त्यापुढे पेनाने लिहिलेली नावं. मी विचारलं हे काय, तर म्हणे डच लोक वाढदिवस असेच लक्षात ठेवतात, जुन्या भाडेकरूचं राहिलंय. पद्धत खरी आहे, नंतर इथे बऱ्याच घरांत बघितलं. पण घर सोडून जाणारा माणूस अख्ख्या खानदानाचे वाढदिवस संडासात सोडून जातो का? मसाल्याच्या बाटल्या पण रॅकवर तशाच होत्या. फर्निश्ड म्हणजे असंच असेल म्हटलं.

आणि का नाही म्हणणार? तिकडच्या घरांची बोंब ज्यांनी भोगली नाही त्यांना कळणार नाही. जाहिरात आल्यावर तासाभरात व्ह्यूइंगच्या वेळा फुल. भाड्याच्या तिप्पट पगार पाहिजे, तोही इथल्या सॅलरी स्लिपवर, नवीन माणसाकडे त्या कुठून येणार? दोन मुलं म्हटल्यावर समोरचे गप्प. त्यात याची जाहिरात, "इंडियन फॅमिलीज वेलकम", ऑफिसच्या बसच्या रूटवर, मराठी दोन घरं पुढच्याच गल्लीत. त्याला बरोब्बर माहीत होतं आपण कशाला भुलतो.

आता खरी जळजळ. पैसे पाठवायचा फॉर्म मी भरला. इंडियातून बाहेर पैसे पाठवताना ए टू फॉर्म, बेनिफिशियरीचं नाव, आयबॅन म्हणजे तिकडचा अकाउंट नंबर, सगळं. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, नेदरलँड्सचं अकाउंट एनएल ने सुरू होतं. याचं एलटी ने होतं. एलटी म्हणजे लिथुआनिया. मी ती दोन अक्षरं माझ्या हाताने टाइप केली, मग कन्फर्म करायला परत टाइप केली. मी, जी इतकी वर्षं अकाउंट्समध्ये आहे, व्हेंडरच्या आयएफएससीत एक आकडा चुकला तर पेमेंट अडवणारी, ऑफिसमध्ये लोक मला वैतागलेले असायचे त्यावरून! थांबले होते मी. नवऱ्याला मेसेज पण केला, "एलटी का आहे?" त्याने त्या माणसाला विचारलं, उत्तर आलं ऑनलाइन बँक आहे, इथे सगळे वापरतात. आणि खोटं म्हणजे अगदीच खोटं पण नाही, तशा बँका लोक वापरतात खरंच. मग वरून "अजून एक फॅमिली संध्याकाळी येतेय". दाबलं सबमिट.

मी मुलांना घेऊन पोचले आणि त्या घराचा दरवाजा वाजवला तेव्हा आमच्याकडे सहा बॅगा होत्या. किल्ली द्यायला येणार होता तो गायब, व्हॉट्सअॅपवर एक टिक. घरातून एक डच बाई बाहेर आली, तिच्या मागे तोच जिना. सुट्टीवर जाताना तिने घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिलेलं, ते घेणारा हाच, आणि तेवढ्यात त्याने किती जणांना दाखवलं देव जाणे, कारण आमच्याआधी एक जोडपं येऊन रडून गेलेलं होतं. मुलांना पाणी दिलं तिने. कॅलेंडर तिचं.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. "पहिले तीन महिने या पत्त्यावर रजिस्ट्रेशन होणार नाही" असं कोणी म्हणालं की विषय संपला, उठून या. आम्हालाही म्हणाला होता, टॅक्सचं काहीतरी कारण दिलं. इथे राहायला आलात की पाच दिवसांत खेमेंटेत, म्हणजे इथल्या महापालिकेत, पत्ता नोंदवायचा असतो, तो कायदाच आहे.

आणि इथून पुढे तर ज्याला म्हणतात ना डोकं आपटून घेणं. पोलिसांत गेलो. काउंटरवरची पोरगी गोड बोलली, पण अपॉइंटमेंट घ्या म्हणे. ऑनलाइन तक्रार करा म्हणे. ऑनलाइनला डिजीडी, म्हणजे इथलं सरकारी लॉगिन, लागतं, डिजीडीला बीएसएन, म्हणजे आपल्या आधारसारखा नंबर, लागतो, बीएसएनला पत्ता लागतो आणि पत्त्याचे पैसे तर चोराने नेलेत! शेवटी आनखिफ्टे, आपल्याकडच्या एफआयआरसारखं, नवऱ्याच्या नावाने घेतलं कारण त्याचा बीएसएन आधीच झालेला, तर त्यात पैसे पाठवणारी मी, मग "पैसे कोणाचे गेले" यावर तिथेच चर्चा. वर सल्ला की ट्रान्सफर इंडियातून लिथुआनियाला झालीय, तर इंडियात तक्रार करा. १९३० या आपल्या सायबर हेल्पलाइनला फोन केला. ते म्हणाले गुन्हा कुठे घडला? नेदरलँड्समध्ये. मग तिकडे करा. सासऱ्यांनी कागद घेऊन सायबरच्या लोकांकडे हेलपाटे घातले, या वयात, तर त्यांना विचारलं सुनेने एवढे पैसे बाहेर पाठवलेच कशाला. बँकेने रिकॉलची रिक्वेस्ट टाकली, त्याचे १,१८० रुपये कापले, आणि उत्तर काय आलं तर खातेदाराची संमती मिळाली नाही. चोर संमती देईना, आश्चर्यच आहे! त्याने दिलेली पासपोर्टची कॉपी, नंबर, सगळं पोलिसांना दिलं. काही दिवसांनी पत्र आलं, सुंदर डचमध्ये, कॉलीगकडून वाचून घेतलं, तपासाला पुरेसा दुवा नाही. पुरेसा दुवा! घर आहे, शेजारी आहेत, ती बाई साक्ष द्यायला तयार आहे, अजून काय त्याच्या बोटांचे ठसे फ्रेम करून देऊ?

त्याने चेंबर ऑफ कॉमर्सचा नंबर पण दिला होता, केव्हीके म्हणतात. नंबर खरा, पण दुसऱ्याच कोणाचा. नंबर आहे म्हणून खुश होऊ नका, उघडून नाव बघा. काडास्टर नावाचं सरकारी जमीन-घर रजिस्टर आहे, थोडे युरो भरले की पत्त्यावरून मालक कोण ते कळतं. ६,१४५ पुढे ते काहीच नव्हते. आणि तो २९५ चा आकडा, माकलार म्हणजे एजंट जर मालकाचं काम करत असेल तर भाडेकरूकडून फी घेताच येत नाही. डिपॉझिट मात्र त्याने दोनच महिन्यांचं मागितलं, १ जुलै २०२३ पासून तेवढीच मर्यादा आहे, म्हणजे कायदा पाठ होता त्याला आमच्यापेक्षा. तीन मागितलं असतं तर पकडला असता.

सध्या एका मराठी कुटुंबाच्या वरच्या खोलीत आहोत, त्यांच्या मालकाने लेखी परवानगी दिली म्हणून माझं आणि मुलांचं रजिस्ट्रेशन झालं, त्यांचे उपकार. नवीन घर शोधतोय. परवा ग्रुपवर तेच फोटो परत दिसले, निळ्या टाइल्स, शेड, भाडं आता १,८५०. अॅडमिनला कळवलं, पोस्ट काढली, संध्याकाळी दुसऱ्या नावाने परत. खाली एकीने विचारलंय, "इज इट स्टिल अव्हेलेबल? वी आर मूव्हिंग फ्रॉम नाशिक." तिला मेसेज टाकलाय, अजून बघितला नाही तिने. ओळखीचं कोणी नाशिकहून निघत असेल तर कृपया आजच फोन करा.